लेखन आणि ग्राफिक डिझाइन एकत्र शिकायचंय? खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीनंतर लेखन आणि डिझाइन एकत्र शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

मजकुरात काय असावं आणि तो पानावर कसा बसावा, हे दोन्ही निर्णय एका डोक्याने आणि एकाच वेळी घ्यायला शिकायचं. ठिबक संचासोबत येणारी माहितीपुस्तिका घ्या. एकजण मजकूर लिहून मोकळा होतो, दुसरा तो दिलेल्या पानांत बसवतो. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रेशर गेजमधला फरक वाढला की फिल्टर धुवायचा, ही सगळ्यात कामाची गोष्ट मग चौथ्या पानावरच्या परिच्छेदात गाडली जाते. शेतकरी ती शोधत बसत नाही, आणि नळ्या चोंदतात. यात लिहिणारा चुकलेला नसतो, मांडणाराही चुकलेला नसतो. ते वाक्य फिल्टरच्या चित्राला चिकटूनच छापायचं, हे ठरवणारं कुणी नव्हतं. हे ठरवणारा माणूस घडवणं हे या शिक्षणाचं काम आहे.

अशी पदवी एकाच नावाने मिळते का?

परदेशात अशी उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात इंग्रजी विभाग आणि डिझाइन विभाग मिळून संवाद-नियोजन व माहिती-रचना या विषयाची पदव्युत्तर पदवी काही वर्षं देत होते. व्यावसायिक लेखनाची पदव्युत्तर पदवी तिथे वेगळीही आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात टायपोग्राफीचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे माहिती-रचना शिकवतात.

आपल्याकडे वाट स्वतःला जोडून घ्यावी लागते. पहिली वाट म्हणजे डिझाइनमधली दोन वर्षांची एम.डेस. पदवी घ्यायची आणि प्रकल्प मजकूरप्रधान निवडायचे. मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे, अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून. एनआयडीत ग्राफिक डिझाइन हा पदव्युत्तर विषय आहे. दुसरी वाट उपयोजित कलेची. त्यासाठी मुंबईच्या जे.जे.चं नाव जुनं आहे. तिसरी वाट उलट्या बाजूने जाते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मराठी किंवा जनसंवादाची एम.ए. करायची आणि मांडणीचं काम प्रेसमध्ये व ऑनलाइन शिकायचं. इग्नूची ग्रंथप्रकाशनाची पदव्युत्तर पदविका घरी राहून करता येते. संपादन, निर्मिती आणि वितरण यांची ओळख तीत चांगली होते.

आमचं मत विचाराल तर ज्याला लिहिता येतं त्याने पहिली वाट धरावी, आणि ज्याचा हात चित्रात बसलेला आहे त्याने तिसरी. जे येतं त्याचीच आणखी एक पदवी घेऊन फारसं काही हाती लागत नाही.

सीड परीक्षा म्हणजे काय? ती कोण देऊ शकतो?

एम.डेस.साठीची ही प्रवेशपरीक्षा मुंबई आयआयटी घेते. गुवाहाटी, दिल्ली, हैदराबाद, कानपूर इथल्या आयआयटी आणि इतरही काही संस्था तिचे गुण धरतात. बारावीनंतर किमान ३ वर्षांची पदवी किंवा पदविका लागते, शाखा कोणतीही चालते. जी.डी. आर्ट (कलेची शासकीय पदविका) झालेल्यांनाही बसता येतं. वयाची अट नाही आणि कितीही वेळा देता येते. गुण मात्र १ वर्षच चालतात.

अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात, परीक्षा जानेवारीत होते. भाग अ संगणकावर १ तास, भाग ब कागदावर २ तास. भाग अ मधून निवड झाली तरच भाग ब तपासला जातो. अंतिम गुणांत मात्र ब चा वाटा ७५ टक्के आणि अ चा २५ टक्के असतो. म्हणून नुसते बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवत बसणारा मागे पडतो, आणि नुसती चित्रं काढणाऱ्याची उत्तरपत्रिका उघडलीही जात नाही. परीक्षेनंतर प्रत्येक संस्था आपापली चाचणी आणि मुलाखत घेते. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो.

दाखल्यांमध्ये काय अडतं?

दरवर्षी हुशार मुलं इथेच अडकतात, म्हणून नीट वाचा. केंद्रीय संस्थांना इतर मागास वर्गाचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. सेतू केंद्रात काही न सांगता अर्ज केला तर राज्याच्या नमुन्यातला मिळतो आणि तो परत येतो. अर्ज करतानाच ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ असं सांगा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हे आधी तपासा. दोन्ही याद्या सारख्या नाहीत. दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात.

राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला केंद्रीय संस्थांत चालत नाही. अशा कुटुंबांना आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो, पण त्यात वार्षिक उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आहे आणि कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर दाखला मिळत नाही. कोरडवाहू असो की बागायत, एकर मोजले जातात. सातबारे हातात ठेवून आधीच बेरीज करा.

मी बी.ए. मराठी आहे, चित्रं काढता येत नाहीत. जमेल का?

जमेल. पण भाग ब मध्ये रेखाटन करावंच लागतं, त्यामुळे हात चालवायला सुरुवात आज करा. सुंदर चित्राची गरज नसते. बघणाऱ्याला वस्तू ओळखता यावी, माणूस उभा आहे की वाकला आहे हे कळावं आणि जवळचं मोठं, लांबचं लहान दिसावं, इतकं पुरतं. जळगावच्या बसस्थानकावर किंवा बाजार समितीत हमाल पोतं उचलतात तिथे बसून २ मिनिटांचं एक अशी रेखाटनं करा, रोज १०. बाजारात कुणी तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे डोळ्याला मुख्य रेषा पकडायची सवय लागते. खोडरबर घरी ठेवा.

शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीचं काय?

परीक्षा आणि वर्ग इंग्रजीत असतात. वाचून समजणं आणि आपला विचार साध्या वाक्यांत सांगता येणं आवश्यक आहे. मुलाखतीत अलंकारिक इंग्रजी पाठ करून बोलणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. आपल्या प्रत्येक कामाबद्दल चार वाक्यं तयार ठेवा: अडचण काय होती, कुणाला होती, काय केलं, करून काय बदललं. आणि मराठी चांगली असणं हे भांडवल आहे. देवनागरीत विचार करून मांडणी करू शकणारे विद्यार्थी डिझाइनच्या वर्गांत थोडेच असतात.

पोर्टफोलिओत काय ठेवावं?

पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह. त्यात ६ ते ८ कामं, २० ते २४ पानं, १० एमबीच्या आतली पीडीएफ. सगळ्यात चांगलं काम पहिलं ठेवा, त्याच्या खालोखाल चांगलं शेवटी. क्लासमध्ये सगळ्यांनी केलेली कोल्ड्रिंकची जाहिरात आणि काल्पनिक कॅफेचा लोगो काढून टाका. परीक्षकांनी ते असंख्य वेळा पाहिलेलं असतं. खान्देशात राहून करता येतील आणि ज्यात लेखन व मांडणी वेगळी काढताच येणार नाही, अशी तीन कामं सुचवतो.

एक, कपाशीच्या फवारणीचं माहितीपत्रक. कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारं पत्रक घ्या. अक्षर बारीक, भाषा जड, आणि मात्रा हेक्टरी. शेतकरी मात्र पंपाच्या हिशेबाने औषध घालतो. समजा पत्रकात हेक्टरी २५० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी दिलं आहे. म्हणजे लिटरला ०.५ मिली, आणि १५ लिटरच्या पंपाला ७.५ मिली. हा भागाकार शेताच्या बांधावर कुणी करत नाही, टोपणाने अंदाजे ओततात. तुमच्या पत्रकात पहिली आणि सगळ्यात मोठी ओळ ‘एका पंपाला किती’ ही हवी, शेजारी १५ आणि १६ लिटर असे दोन रकाने. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही समजावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनधास्त, असा अर्थ बरेचजण काढतात. तो खोडून काढणारं वाक्य त्रिकोणाला लागूनच हवं.

दोन, नंदुरबारच्या आदिवासी भागासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं समुपदेशन कार्ड. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचा दोष मुलांकडे जाऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. नेहमीच्या चित्रात खाली चार मुलं काढतात आणि त्यातलं एक लाल रंगवतात. पाहणारा समजतो, चौघांतलं एक आजारी होतं. आपलं पहिलं झालं, आता पुढची तिन्ही सुखरूप. चित्र नियमाप्रमाणे बरोबर असूनही माणसाला चुकीचं सांगतं. त्याऐवजी पहिलं गर्भारपण, दुसरं गर्भारपण असं वेगवेगळं दाखवून प्रत्येकापुढे तीच चार घरं पुन्हा काढावी लागतात आणि खाली लिहावं लागतं: ‘दर वेळी पुन्हा तेवढाच धोका.’ हे कार्ड आशा कार्यकर्तीला दाखवा, तिला ते दुसऱ्या बाईला समजावून सांगायला लावा आणि ती कुठे अडते ते टिपा. त्या टिपणाचं एक पान पोर्टफोलिओत लावा. परीक्षक तिथे थांबतील.

तीन, एसटीचं वेळापत्रक. फलकावर गाड्या सुटण्याच्या वेळेने लावलेल्या असतात, प्रवासी मात्र गावाचं नाव शोधतो. गावांच्या अकारविल्हे क्रमाने तोच फलक मांडून बघा आणि दहाजणांना एकेक गाव शोधायला सांगून वेळ मोजा.

आपल्या भागात चांगल्या मांडणीची परंपरा नाही असं कुणी म्हणालं तर डिसेंबर १९३६ चं फैजपूर आठवा. खेड्यात भरलेल्या त्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी स्थानिक साधनांतून केली होती.

देवनागरीची मांडणी करताना सर्वांत जास्त काय बिघडतं?

ओळींमधलं अंतर. इंग्रजीत १० पॉइंट अक्षराला १२ ची ओळ चालते. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला आणि रफाराला भिडतो. १० ला १५ ते १६ धरा. मुलांसाठी किंवा नवसाक्षरांसाठी असेल तर आणखी सैल.

दुसरं, अक्षरांमधली जागा वाढवणं. इंग्रजीत मोठ्या मथळ्याला हे शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मथळा मोठा दिसायला हवा तर वजन (अक्षराची जाडी) बदला, आकार बदला, जागा नको.

तिसरं, दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट. मराठीत शब्द लांब, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नीट चालत नाही. अरुंद रकान्यात मग शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा.

चौथं, जोडाक्षरं फुटणं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि ‘क्ष’ सुटा दिसतो. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही अक्षरांच्या पसंतीत भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो. परिच्छेदाची भाषा मराठी निवडली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली तर ते हिंदी वळणाचे पडतात आणि वाचकाला पान परकं वाटतं.

फॉन्टसाठी पैसे नसतील तरी अडत नाही. एक टाइप या संस्थेच्या मुक्ताची ७ वजनं मोफत मिळतात, फलक आणि पत्रकांना तो चांगला. पुस्तकी मजकुराला तिरो देवनागरी मराठी बघा. आणि र. कृ. जोशी यांचं काम नक्की अभ्यासा. ते कवी होते, सुलेखनकार होते, आयडीसीत शिकवत होते, आणि संगणकावरचा मंगल फॉन्ट त्यांनीच घडवला. लेखन आणि अक्षर एकाच हातात असलं की काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरं नाही.

आमच्याकडच्या प्रेसमध्ये श्रीलिपीच वापरतात. युनिकोड शिकू की ते?

दोन्ही. जळगाव, धुळे, भुसावळकडच्या बऱ्याच प्रेसमधलं जुनं मॅटर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, ते उघडता यायला हवं. पण ते युनिकोड (सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना सारखी समजणारी अक्षरपद्धत) नसल्याने संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर टाकलं की अगम्य चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने बदला आणि मग ठरावीक जागा डोळ्यांनी तपासा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, रफार एक अक्षर पुढे किंवा मागे सरकतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच येतं. ‘ॲ’ हे एकच चिन्ह आहे, पण काही ठिकाणी ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून ते टंकलेलं असतं. दिसायला सारखं, पण शोध घेतला की सापडत नाही. नवीन सगळं काम युनिकोडमध्येच सुरू करा.

शुद्धलेखन कोणाचं प्रमाण मानायचं?

मराठी साहित्य महामंडळाचे आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले नियम. पण त्याच्या जोडीने प्रत्येक कामासाठी एका पानाची स्वतःची यादी बनवा: ‘करणे’ की ‘करणं’, आकडे देवनागरी की इंग्रजी, ‘लिटर’ की ‘लि.’, तालुक्यांची नावं कशी. यादी नसली की पान ३ वर एक आणि पान ७ वर दुसरं छापलं जातं, आणि प्रूफ वाचणारा प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घेत बसतो.

छपाईला फाइल देताना काय सांभाळायचं?

प्रेसला जाण्याआधी नाही, कामाच्या पहिल्या दिवशी प्रेसला जा. मशीनला कोणत्या मापाचा कागद लागतो ते विचारा आणि त्यावरून पानाचं माप ठरवा. आपल्या मनाने माप घेतलं की कटिंगमध्ये कागद वाया जातो आणि बिल वाढतं. मध्ये पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं ४ च्या पटीतच हवीत. लिहितानाच हे माहीत असेल तर १८ पानांचा मजकूर १६ मध्ये बसवताना शेवटी कात्री चालवावी लागत नाही.

चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड), चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया). बारीक मराठी मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवा. चार रंग मिसळून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली की अनुस्वार आणि मात्रा भरून जातात. रंगीत पट्टीवर पांढरं बारीक अक्षर काढायचं असेल तर जाड वजन घ्या, नाहीतर शाई आत सरकून शिरोरेषा दिसेनाशी होते. मजकूर कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करायचं, ते शेवटचं प्रूफ सही होऊन आल्यावर. त्याआधीची मजकुराची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, कर्व्ह केलेल्यात वेलांटी सुधारता येत नाही.

अहिराणीत किंवा पावरीत काम करावं का?

करावं, आणि बोलणाऱ्या माणसाला सोबत बसवून करावं. प्रमाण मराठीतला मजकूर शब्दाला शब्द ठेवून अहिराणीत उतरवला तर ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते. या बोलींचं लेखन ठरलेलं नसल्याने एकच शब्द तीन प्रकारे लिहिला जातो. गावातल्या चार-पाचजणांना मोठ्याने वाचायला द्या आणि ज्या रूपावर अडखळत नाहीत ते ठेवा. औषधाची मात्रा, तारीख, फोन नंबर मात्र ज्या रूपात दवाखान्याच्या कागदावर असतात त्याच रूपात ठेवा, म्हणजे ताडून बघता येतं.

कोणता संगणक, कोणतं सॉफ्टवेअर?

१६ जीबी रॅमचा कोणताही बरा संगणक चालतो. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केप, स्क्रायबस आणि क्रिटा मोफत आहेत. आयडीसीने चालवलेल्या डीसोर्स या संकेतस्थळावर डिझाइनचे धडे विनामूल्य वाचता येतात.

एआय लिहून आणि मांडून देतं. मग हे शिकायचं कशाला?

वर सिकलसेलच्या कार्डाचं उदाहरण दिलं आहे. यंत्राला सांगितलं तर ते नेहमीची चार मुलंच काढून देईल, कारण सगळीकडे तेच चित्र आहे. पाहणारी बाई त्याचा काय अर्थ घेते हे कुणीतरी तिच्यासमोर बसूनच कळतं. शिवाय यंत्राने काढलेल्या चित्रातली देवनागरी जोडाक्षरं अनेकदा मोडलेली असतात, आणि ती ओळखायला वाचणारा डोळा लागतो.

खर्चाची सोय कशी लावायची?

शासकीय संस्था आणि खासगी संस्था यांच्या शुल्कात मोठा फरक आहे, म्हणून आधी शासकीय. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचं संकेतस्थळ आणि संस्थेची स्वतःची मदत, दोन्ही बघा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. शुल्कात वसतिगृह, मेस, छपाई आणि मॉडेलचं सामान धरलेलं नसतं. प्रकल्पाच्या सत्रात छपाईचा खर्च चांगलाच वाढतो, तो वेगळा काढून ठेवा.

शिकून परत खान्देशात काम मिळेल का?

पूर्ण वेळ नोकरी पुण्या-मुंबईत लवकर मिळते: सॉफ्टवेअर कंपन्यांत माहितीलेखन, ॲपमधला मजकूर, प्रकाशनसंस्था. इथे कामं सुटी मिळतात, पण ती आहेत. केळी निर्यात करणाऱ्यांची खोकी आणि कागदपत्रं, बियाणे आणि ठिबक कंपन्यांच्या पुस्तिका, डाळमिलची पाकिटं, दवाखाने, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. अडचण दराची आहे. गिऱ्हाईक पानाचा डीटीपी दर विचारतं. त्याला मजकूर, मांडणी, प्रूफ आणि प्रेसवर उभं राहणं अशा चार ओळींचं कोटेशन द्या, किती दुरुस्त्या धरल्या आहेत ते लिहा, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

येत्या जानेवारीची परीक्षा द्यायची तर सुरुवात कधी करू?

जूनपासून. पहिले तीन महिने रोज रेखाटन आणि पोर्टफोलिओचं एक मोठं काम. सप्टेंबरमध्ये दाखले हातात घ्या. ऑक्टोबरमध्ये अर्ज, आणि तिथून पुढे जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. त्या सीडच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. केंद्र निवडताना आदल्या रात्री मुक्काम कुठे करता येईल ते बघा. पहाटेची गाडी पकडून थेट परीक्षेला जाऊ नका.